डी-मार्टला गेलो की माझ्या ट्रॉलीत काय पडतं

प्रश्न असा आहे: महिन्याचा किराणा डी-मार्ट किंवा तशाच सवलतीच्या दुकानातून भरतो, पण महिनाअखेरीला हिशेब केला तर फारसं काही वाचलेलं दिसत नाही. तिथे खरोखर घेण्यासारखं काय असतं? डाळ-तांदूळ तिथला घ्यावा का? आणि तेलाचा डबा परवडतो की पिशव्या?

मी पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाच्या दलालीत उमेदवारी केली, पुढे एका ग्राहक भांडाराची खरेदी बरीच वर्षं सांभाळली. आता घरच्या किराण्यासाठी मीही ट्रॉली ढकलत त्याच रांगेत उभा असतो. माल दोन्ही बाजूंनी पाहिलेला असल्यामुळे उत्तर जरा लांबणार, त्याला इलाज नाही.

आधी बचत का दिसत नाही ते पाहू. फडताळावरच्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक एमआरपी आणि दुसरा दुकानाचा भाव. आपण या दोहोंतला फरक म्हणजे आपली बचत समजतो. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट अशा कंपनीच्या मालाला हे बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिथे एमआरपी कंपनी छापते आणि दुकान आपल्या नफ्यातला काही भाग सोडून देतं. पण डाळ, शेंगदाणे, काजू, पोहे हा माल दुकान स्वतःच्या नावाने पाकिटात भरत असेल, तर त्यावरची एमआरपीसुद्धा तेच ठरवतं. मग 'एमआरपी २५०, आमचा भाव १६८' यातल्या ८२ रुपयांना काही अर्थ उरत नाही. तुलना करायची ती तुमच्या गल्लीतल्या वाण्याच्या किलोच्या भावाशी. पाकिटावर हल्ली दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापलेला असतो, बारीक अक्षरात. एवढ्या मोठ्या पाकिटावर कामाची ओळ तेवढीच.

ही दुकानं स्वस्त कशी देतात हे कळलं की काय घ्यायचं तेही कळतं. राधाकिशन दमाणींनी डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला काढलं. बहुतेक जागा भाड्याने न घेता विकत घ्यायच्या, पुरवठादाराचे पैसे थकवायचे नाहीत, पटकन द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, दुकानात शोभेवर खर्च करायचा नाही आणि माल फडताळावर फार दिवस बसू द्यायचा नाही, अशी ती पद्धत. यातली शेवटची गोष्ट आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची. जो माल रोज ट्रॉल्या भरभरून जातो तो ताजा असतो. मग ती शेंगदाण्याची पिशवी असो की रव्याची. उलट कोपऱ्यात पडून राहिलेलं क्विनोआचं पाकीट कितीही सवलतीत असलं तरी मी हात लावत नाही. (एकत्र खरेदी करून दलालांचे हात टाळायचे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांचे गट करून महिन्याचा किराणा पुरवते आहे, आणि तेही दुकान न थाटता.)

तर माझा हिशेब सोपा आहे. माल कोणत्या कामाला हवाय ते आधी ठरवायचं आणि त्या कामाला पुरेल एवढीच प्रत घ्यायची. भुसारात प्रत ठरते ती मुख्यतः दिसण्यावर: दाणा मोठा किती, अख्खा किती, एकसारखा किती. चव त्यात फार थोडी येते. जिथे दिसण्याचे पैसे कापलेले असतात तिथे माझा हात आधी जातो.

काजू घ्या. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे आकडे तुम्ही पाहिले असतील. एका पौंडात म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये किती गर बसतात त्याचा तो आकडा. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. लग्नाच्या ताटात किंवा दिवाळीच्या डब्यात मोठा काजू लागतो, मान्य. पण शिऱ्यात, मसालेभातात, काजूच्या ग्रेव्हीत तो तोडूनच घालायचा असेल तर अख्ख्या काजूचे पैसे कशाला मोजायचे? त्यासाठी पाकळी, म्हणजे उभे दोन भाग झालेले, किंवा तुकडा. झाड तेच, चव तीच, भाव मात्र बराच खाली. फक्त एक पथ्य. तुकड्याला हवा जास्त लागते, म्हणून तो अख्ख्यापेक्षा लवकर खवट होतो. पाव किलोच्या वर घेऊ नका आणि घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. घेताना पाकीट उभं धरून तळाचा कोपरा बघा. तिथे पिठासारखी पूड जमली असेल तर दुसरं पाकीट घ्या. करपल्यासारखे तपकिरी डाग असलेला डागी माल मात्र कितीही स्वस्त असला तरी नको. ग्रेव्हीचा रंग आणि चव दोन्ही बिघडतं.

काबुली चण्याचंही तसंच. त्याचा आकडा औंसावर चालतो, म्हणजे एका औंसात किती दाणे बसतात त्यावर. ४२-४४ म्हणजे मोठा दाणा, ५८-६० म्हणजे बारीक. हॉटेलवाले मोठा घेतात, कारण ताटलीत कमी दाण्यांत छोले भरल्यासारखे दिसतात. घरी बारीक काबुली आणा, लवकर भिजतो, लवकर शिजतो, मसाला आतपर्यंत जातो. पाकिटावर हा आकडा क्वचितच असतो, पण दोन पाकिटं शेजारी धरली की डोळ्यांनाच कळतं.

साखरेतसुद्धा एम-३० म्हणजे जाड दाणा आणि एस-३० म्हणजे बारीक, एवढाच काय तो फरक. जाडीला किलोमागे थोडे जास्त पडतात. चहाला काय फरक पडतो? शिवाय साखरेत कोणालाच फार सुटत नाही, ती गिऱ्हाईक खेचायला ठेवलेली असते. फक्त साखर स्वस्त म्हणून रिक्षा करून लांबच्या मार्टला जाण्यात काही राम नाही.

आता तांदूळ, कारण इथे सगळ्यांत जास्त पैसे वाचतात आणि सगळ्यांत जास्त फसगतही होते.

बासमतीचं पोतं गिरणीतून निघताना त्याचे भाग पडतात. अख्ख्या लांबीचा दाणा वेगळा, पाऊण लांबीचा तिबार, अर्ध्याच्या आसपासचा दुबार, त्याखाली मोगरा आणि शेवटी कणी. भात एकच, शेतही एकच असू शकतं, मोडलेला किती एवढाच प्रश्न. वास सगळ्यांना सारखाच. दम बिर्याणी करून पाहुण्यांना वाढायची असेल तर अख्खा घ्या. जिरा राइस, पुलाव, फ्राइड राइस यांना तिबार पुरून उरतो, आणि सवलतीच्या दुकानातली माझी हमखास खरेदी म्हणजे हाच तिबार. दुबार मी रोजच्या साध्या पुलावाला वापरतो. मोगरा खिचडीला उत्तम, पेजेलाही चांगला. कणी धिरड्याला आणि डोशाच्या पिठात चालते. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'बासमती' आणि खाली कुठेतरी बारीक 'दुबार' किंवा 'मोगरा' असतं, ते शोधून वाचायचं. नाहीतर पारदर्शक पट्टीतून दाणा बघा. टोकं दोन्ही बाजूंना निमुळती असतील तर अख्खा, एक बाजू छाटल्यासारखी असेल तर मोडलेला.

कोलम रोजच्या भाताला ठीक. 'वाडा कोलम' या नावाने जो मिळतो तो सगळाच पालघरच्या वाड्यातला असतो असं समजू नका. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथलं पीक किती आणि राज्यभर त्या नावाने खपणारा तांदूळ किती, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी कोलम घेताना नाव बघत नाही, तीन गोष्टी बघतो: पिवळा पडलेला दाणा किती, कणी किती, आणि पाकीट हलवल्यावर आतून धुरळा उठतो का. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मात्र मी मार्टमधून घेत नाही. तो मावळ-मुळशीकडच्या ओळखीच्या माणसाकडूनच. वासाच्या तांदळात भेसळ ओळखणं पाकिटाबाहेरून जवळजवळ अशक्य असतं.

आणि तांदळाचीच आणखी एक गोष्ट. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागला. सुट्टं मोजून दिलेल्या धान्यावर नाही, आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावर नाही. त्यानंतर बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसायला लागले, ते उगीच नव्हे. म्हणूनच घरात माणसं जास्त असतील तर ठोक व्यापाऱ्याकडचा २६ किलोचा कट्टा मार्टपेक्षा स्वस्त पडू शकतो. आणि गल्लीतला वाणी पोतं फोडून सुट्टा तांदूळ देत असेल, तर त्याचाही भाव कधीकधी मार्टच्या खाली असतो. लोक हे तपासत नाहीत, 'मार्ट म्हणजे स्वस्त' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

डाळीकडे वळू. तुमचा खरा प्रश्न हाच होता, तिथली डाळ घ्यावी का. घ्यावी, पण बघून.

तुरीच्या डाळीत अख्ख्या, टपोऱ्या, एकसारख्या पाकळीची 'फटका' सगळ्यांत वर. त्याखाली सव्वा नंबर, मग तुकडा. वरणासाठी डाळ आपण शिजवून घोटतोच, तिथे पाकळीचं सौंदर्य कोण बघणार? तरीही डाळीत मी तुकड्यापर्यंत खाली उतरत नाही, कारण तुकड्यात दुसरं काही मिसळलं तर ओळखू येत नाही. सव्वा नंबरवर थांबतो. शिवाय तूर आपल्या लातूर-अकोल्याकडचीच असेल असंही नाही. म्यानमारची लेमन तूर, आफ्रिकेतून येणारी अरुशा, गजरी, मोझांबिकची पांढरी, असा बराच माल आपल्या डाळमिलांत भरडला जातो. पाकिटावरून ते बहुतेक वेळा कळत नाही. काही लोक परदेशी म्हटलं की नाक मुरडतात. मी स्वच्छता आणि शिजण्यावर पारखतो.

पाकीट हातात घेतलं की ट्यूबलाइटखाली धरा. डाळ तेल लावल्यासारखी लकाकत असेल तर तिला पॉलिश मारलेलं आहे. बिनपॉलिश डाळ थोडी मंद दिसते, अंगावर फिकट पिठूळपणा असतो, रंगात जरा कमी-जास्त असतं. ही दिसायला गरीब असते म्हणून लोक मागे ठेवतात आणि चकचकीत घेतात. मग पाकीट तिरकं करून तळ बघा. भुश्यासारखी पूड जास्त असेल तर आत किडीने काम सुरू केलेलं असू शकतं. पाकळीवर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं तर शंकाच नको. अख्खे मूग, मटकी, चवळी घेताना आणखी एक बघायचं: दाण्यावर चिकटलेला बारीक पांढरा ठिपका. लोक त्याला पीठ समजतात. ते भुंगेऱ्याचं अंडं असतं. आज पाकिटात एकही किडा दिसत नसला तरी उन्हाळ्याच्या उकाड्यात महिन्याभरात बरणी भरून किडे निघतात, आणि मग दोष बरणीला.

तांदूळ जुना चांगला, डाळ मात्र नवीच चांगली. जुनी, उन्हाळे-पावसाळे पाहिलेली डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी कण धरून बसते. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते, तिची डाळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत दुकानांत स्थिरावते. वर्षाची नाही तरी पावसाळ्यापुरती बेगमी करायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये करा, दोन दिवस कडक ऊन द्या, वाटलं तर एरंडेलाचा हात लावा. पाकिटावरची पॅकिंगची तारीख ही पाकीट भरल्याची असते, तूर कापल्याची नव्हे. तेव्हा नुसत्या तारखेवर विसंबू नका. उडदाची डाळ इडलीसाठी घेत असाल तर फाडलेल्या डाळीपेक्षा गोटा, म्हणजे साल काढलेला अख्खा उडीद घ्या, मार्टमध्ये तो चांगला मिळतो आणि वाटताना छान फुगतो.

शेंगदाणे ही सवलतीच्या दुकानातली माझी सगळ्यांत आवडती वस्तू, आणि कारण निव्वळ खप. महाराष्ट्रात कूट लागत नाही असं घर नाही, त्यामुळे पिशव्या येतात आणि जातात. बारीक गोल दाण्याचा 'घुंगरू' भाजायला आणि कुटाला सुरेख. जाडा दाणा खारे दाणे करायला बरा. पावसाळ्यात मात्र एका वेळी अर्धा किलोच. दाणा सादळला की आधी वास जातो, मग खवटपणा येतो, आणि बुरशी धरलेला दाणा निवडून बाजूला काढला तरी बाकीच्यांची खात्री देता येत नाही. दिवाळीनंतर नवा दाणा आला की घ्या जास्त.

आता तेल. इथे आकड्यांचा खेळ आहे, जरा सावकाश वाचा.

एक लिटर खाद्यतेल म्हणजे वजनाने साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी पिशवी म्हणजे एक लिटर हे डोक्यात बसलेलं. आता त्याच आकाराच्या पिशव्या ८७०, ८५०, कुठे ८०० ग्रॅमच्याही येतात. फडताळावर शेजारी शेजारी, रंग तेवढाच पिवळा. समजा एक पिशवी ९१० ग्रॅमची आहे, १५० रुपयांना. दुसरी ८५० ग्रॅमची, १४३ रुपयांना. सात रुपये कमी म्हणून हात दुसरीकडे जातो. किलोचा भाव काढला तर पहिली पडते साधारण १६५ रुपये, दुसरी १६८. म्हणजे जी स्वस्त वाटली तीच महाग. तेलाच्या पिशवीवर लिटर वाचायचंच नाही, ग्रॅम वाचायचे.

डब्याचंही तेच. '१५ लिटर' आणि '१५ किलो' हे दोन वेगळे डबे आहेत. १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलो तेल असतं, म्हणजे १५ किलोच्या डब्यापेक्षा १ किलो ३५० ग्रॅम कमी. दोघांचे भाव तसेच मांडून 'हा डबा स्वस्त' म्हणणारे दुकानदारही मी पाहिलेत आणि गिऱ्हाईकंही. पाच लिटरचा कॅन म्हणजे ४.५५ किलो. मग डबा की पिशवी? चार माणसांच्या घरात महिन्याला तीन-चार लिटर तेल लागतं. डबा फोडला की तो चार-पाच महिने उघड-झाक होत राहणार, त्यात तेल हवेने उतरतं, विशेषतः शेंगदाण्याचं फिल्टर तेल. बचत होईल ती किरकोळ. तेव्हा घरगुती वापराला पिशव्याच, आणि त्याही गॅसच्या वरच्या कपाटात नव्हे. दिवाळीत फराळाला जास्त लागणार असेल किंवा दोन-तीन घरं मिळून वाटून घेणार असाल तर डबा जरूर घ्या. पिशवीवर सूर्यफुलाचं चित्र असलं तरी मागे 'ब्लेंडेड' लिहिलंय का ते बघा. मिश्रण असेल तर कोणतं तेल किती टक्के हे छापावंच लागतं. मिश्र तेल वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, पण पैसे मिश्र तेलाचेच द्यावेत.

खोबरेल तेलाच्या बाटलीवर 'खाद्यतेल' असं का लिहिलेलं असतं, हे मला बरेच जण विचारतात. कारण कराचं. खाद्यतेलाला पाच टक्के आणि केसांच्या तेलाला अठरा टक्के जीएसटी होता, त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल केसांचं तेल ठरत नाही. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, अंघोळीची साबणवडी, शॅम्पू, टूथपेस्ट हे सगळंच पाच टक्क्यांवर आलं, त्यामुळे करातला तो फरक आता उरला नाही. तेल एकच. डोक्याला लावा नाहीतर आमटीला फोडणी द्या.

साबण-पावडरीबद्दल मी थोडक्यात सांगतो, तो माझा प्रांत नाही. 'एकावर एक फुकट' असेल तर दोघांचं मिळून वजन आणि तारीख बघा, आणि ते संपायला किती दिवस लागतील ते मनात धरा. भांडी घासायचा साबण, कपड्यांची पावडर हे वर्षभर टिकतं, तिथे भरून ठेवा. बिस्किटं, नूडल्स, केचप तिथे सवलतीचा मोह म्हणजे निव्वळ जास्तीचं खाणं. रांगेच्या टोकाला, वळणावर जे ढीग रचलेले असतात ते बहुधा दुकानाला खपवायचे असतात, तुमच्या यादीत ते नसतातच. स्टीलच्या डब्यांच्या विभागाबद्दल तर मला विचारूच नका, तिथे आमच्या घरचे मला उभं करत नाहीत.

मनुके-बेदाणे मात्र आवर्जून. सांगली-तासगावकडचा नवा बेदाणा मार्च-एप्रिलपासून बाजारात येतो. त्या दिवसांत तो रसरशीत असतो आणि भावही नरम असतो. दिवाळीच्या तोंडावर दोन्ही बदलतं. बेदाणा फ्रिजमध्ये सहा-आठ महिने सहज राहतो, म्हणून माझी दिवाळीची खरेदी उन्हाळ्यातच उरकते. फिकट हिरवा, लांबट दाणा महाग. खीर-शिऱ्याला गोल, पिवळसर चालतो. पाकिटात दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल किंवा वर साखरेसारखे कण आले असतील तर तो गेल्या वर्षीचा माल.

उपवासाच्या मालाचं वेळापत्रक उलटं आहे. साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र जवळ आली की त्याची मागणी एकदम उसळते. तुम्हाला नेहमीचा चांगला दाणा हवा असेल तर आषाढीच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या. ऐन एकादशीच्या आदल्या दिवशी मिळेल तो घ्यावा लागतो. भगरीबाबत मात्र मी कडक आहे. अख्खी भगर, बंद पाकीट, तारीख बघून, आणि घरी निवडून धुऊनच. भगरीचं तयार पीठ मार्टमधून नको, वाण्याकडून नको, सुट्टं तर अजिबात नको. भगरीला ओल लागली की बुरशी चटकन धरते, पिठात ती दिसत नाही, आणि दर नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतातच. अन्न व औषध प्रशासनही सुट्टं पीठ घेऊ नका असं सांगत असतं. हवं तेवढं घरी मिक्सरला दळा.

पोहे, रवा, मैदा खपाचा माल आहे, बेधडक घ्या, पण रवा आणला की त्याच दिवशी कोरडा भाजून ठेवा. पावसाळ्यात त्याला जाळी धरायला आठवडा पुरतो. पोह्याच्या पाकिटात तळाला चुरा किती ते बघा, बास.

जे मी तिथून घेत नाही त्याची यादी लहान आहे. दळलेली मिरची, हळद, धने-जिरे पूड नाही. अख्खे धने, जिरं, बडीशेप, मोहरी हे खडे जिन्नस तिथलेच घेतो, मिरची उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळून डंकावर नेतो. गूळ नाही, कारण मार्टमधल्या डब्यात तो जितका पिवळाधमक दिसतो तितका मी सावध होतो. गडद तांबूस ढेप मी हंगामात, थंडीत, गुऱ्हाळाशी संबंध असलेल्या माणसाकडून आणतो. गहू पोत्याने आणि पीठ गिरणीतून. भाजी मंडईतून.

फडताळावरून उचलताना मागचं पाकीट घ्या. माणसं नवा माल मागे आणि जुना पुढे लावतात, ती दुकानाची शिस्त आहे आणि ती बरोबरच आहे, पण तुम्ही मागचा घेतला म्हणून कोणी रागवत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गर्दी भयंकर असते, तरी डाळ-दाण्यांसाठी मी तेव्हाच जातो, मंगळवारी-बुधवारी सकाळी दुकान उघडताना. त्या दिवसांत माल सर्वांत वेगाने फिरतो. निघताना बिल काउंटरवरच वाचा, दारात शिक्का पडल्यावर नव्हे. योजनांच्या पट्ट्या बदलायच्या राहून जातात, पट्टीवर एक भाव आणि बिलात दुसरा असं सगळ्याच दुकानांत अधूनमधून होतं. ज्या वस्तूसाठी मुद्दाम आलात तिच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काउंटरवरची मुलं तो बघून तिथल्या तिथे दुरुस्त करून देतात.